पटावरचं विसावं नाव

सिंधु मॅडमनी छत्री मिटली, चपला दारात काढल्या आणि पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढत त्या आत डोकावल्या. आत शिलाई मशीनची खडखड चालू होती. शाळा सुरू व्हायला आठ दिवस उरले होते आणि पंचशीलाच्या त्या एका खोलीत निळ्या-पांढऱ्या गणवेशांचा ढीग खिडकीपर्यंत पोचला होता.

"आहेस का गं?"

खडखड थांबली.

"मॅडम? तुमी? अन् ह्या उन्हात?" पंचशीला धडपडत उठली, पदराने तोंड पुसलं आणि वाकून पाया पडली. खुर्चीवरचे गणवेश उचलून तिने पलंगावर टाकले. "बसा की. प्रिया, पाणी आण गं मॅडमसाठी."

मॅडम बसल्या. सकाळपासूनचं हे चौदावं दार होतं. पोरं मागत दारोदार हिंडायची लाज त्यांना पहिली दोन वर्षं वाटली, पुढे ती आपोआप गेली. नांदेड शहरातली महापालिकेची शाळा, त्या शाळेत मॅडमची नोकरी सव्वीस वर्षांची आणि पटावर मुलं एकोणीस. वीस भरली नाहीत तर शाळा बंद करून मुलं हमरस्त्यापलीकडच्या शाळेला जोडायची, असं शिक्षण विभागाच्या साहेबांनी तोंडी सांगितलं होतं. कागदावर काही द्यायचं नाही, ही साहेबांची जुनी खोड. पण त्या रस्त्यावर ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. सहा-सात वर्षांची पोरं तो ओलांडणार नाहीत, सरळ घरी बसतील, हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. म्हणून एक मूल हवं होतं. एकच.

पंचशीलाचं घर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण इथून नकार येणार नाही याची खात्री होती. पंचशीला त्यांची लाडकी विद्यार्थिनी. शाळा सातवीपर्यंत होती त्या काळात पहिलीपासून सातवीपर्यंत हिचाच पहिला नंबर. दहावीनंतर मॅडम स्वतः तिच्या अण्णाकडे, म्हणजे वडलांकडे, गेल्या होत्या. मोंढ्यात हमाली करणाऱ्या भीमा सोनकांबळेला त्यांनी तासभर बसून पटवलं, की पोरीला लातूरला पाठवा, डॉक्टर होईल. पोरगी गेलीही. मग टायफॉईड झाला, परत यावं लागलं, पुढे लग्न झालं. नशीब एकेकाचं, म्हणत मॅडम तेव्हा हळहळल्या होत्या.

"हे बघ, नवं पत्रक छापलंय," त्यांनी कौतुकाने एक पुढे केलं.

वर मोठ्या अक्षरात 'आपली शाळा, गुणवत्तेची शाळा' असं होतं. त्याखाली, मागच्या तपासणीत 'अ' श्रेणी. आणि त्याखाली गुणवंतांची यादी. पहिलंच नाव पंचशीला भीमा सोनकांबळे, पुढे कंसात, वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी लातूर.

पंचशीलाने पत्रक दोनदा वाचलं.

"माझं नाव काढा मॅडम ह्याच्यातून."

"अगं, लाजायचं काय त्यात? आजारपण काय कुणाच्या हातात असतं?"

"मला टायफॉईड झालाच नव्हता."

ती मशीनच्या स्टुलावर बसली. एक कॉलर हातात घेऊन तिचा चुकलेला टाका नखाने उसवू लागली.

"पहिली टेस्ट झाली. सातशेवीसपैकी एकोणसाठ. भिंतीला यादी लावली व्हती. मी आपली पहिल्या पानावर माझं नाव शोधून राहिले. सवयच तशी." ती जराशी हसली. "तीनशे पोरांत खालून चौथी व्हते मी. मंग एका सरांनी फळ्याकडं बोलावलं. अपूर्णांकाचा भागाकार आला मधी. मला येईना. सर म्हणले, हे पाचवीचं हाय. पाचवीत मला गणितात किती मार्क व्हते मॅडम, ध्यानात हाय?"

मॅडमच्या चांगलं ध्यानात होतं. अठ्ठ्याण्णव.

"चार महिने मी पाचवी-सहावीची पुस्तकं वाचली, हॉस्टेलच्या बाथरूममधी दार लावून. कुणी बघू नये म्हणून. भरून निघतंय व्हय तसं? मंग अण्णाला फोन केला, ताप येऊन राहिलाय म्हणून. अण्णा न्यायला आला. लातूरपासून नांदेडपर्यंत एसटीत माझं डोकं दाबत व्हता. अजून त्याला वाटतंय, तेवढा ताप आला नसता तर पोरगी डॉक्टर झाली असती."

"तू खरंच हुशार होतीस गं. वर्गात सगळ्यांत…"

"वर्गात. हाव." तिने मान वर केली. "ह्या वस्तीतल्या पोरीला एवढं बस झालं, असं वाटलं असंल तुमाला. वाईट मनानं न्हाई म्हणत मी. लई जीव लावला तुमी. पण एवढं बस झालं, असं वाटलं असंल."

मॅडमना एकदम राग आला आणि आला तसाच तो ओसरला, कारण ते खरं होतं. आई धुणीभांडी करते, घरात अभ्यासाला कोपरा नाही, तरी पोरगी एक दिवस चुकवत नाही, म्हणून त्यांनी ते अठ्ठ्याण्णव दिले होते. मायेनेच दिले होते, पेपर पुरता न तपासता. आपण चांगलं काम करतोय, असं तेव्हा वाटलं होतं.

पंचशीलाची मुलगी प्रियदर्शनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. आठ वर्षांची, आता तिसरीत जाणारी, जवळच्याच इंग्रजी शाळेतली. पंचशीलाने तिला पुस्तक आणून मॅडमना वाचून दाखवायला सांगितलं.

पोरीने ताठ उभं राहून घडाघडा वाचायला सुरुवात केली. मॅडम तिच्या बोटाकडे बघत होत्या. बोट एका ओळीवर होतं आणि आवाज दोन ओळी पुढे गेला होता. ही तऱ्हा त्यांच्या चांगल्याच ओळखीची होती. तपासणीच्या दिवशी त्यांच्या वर्गातली मुलं अशीच वाचत, साहेब मान डोलावत आणि चहा पिऊन शाळेला 'अ' देऊन जात. मॅडमनी मधलाच एक शब्द दाखवला. पोरीला तो येईना. दुसरा दाखवला, तेव्हा तिने वरून पुन्हा म्हणायला घेतलं. मराठीचं पुस्तक उघडायला लावलं तर तिथेही तेच.

"जा बाळा, खेळ जा," मॅडम म्हणाल्या. पोरगी पळाली.

"कशी वाचती?" पंचशीलाने विचारलं.

'छान' हा शब्द मॅडमच्या ओठांवर आलाच होता. सव्वीस वर्षं तो त्यांनी चॉकलेटसारखा वाटला होता. समोर पंचशीलाचं नख कॉलरवर थांबलं होतं.

"वाचत नाही ती," मॅडम म्हणाल्या. "सगळं पाठ केलंय. अक्षरंसुद्धा पक्की नाहीत. दोन वर्षं मागं आहे पोरगी."

पंचशीलाचे डोळे भरून आले.

"हे माझ्या पाचवीत म्हणायचं व्हतं, मॅडम."

मॅडमनी पदर तोंडाला लावला. आपल्याच विद्यार्थिनीसमोर त्या रडत होत्या आणि ते लपवायचं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं. पंचशीलाने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला. मग उठून कपाटातून पोरीचं आधार कार्ड काढून आणलं.

"लिवा नाव. दोन वर्षं झाली, त्या शाळेत कुणी सांगितलं न्हाई मला. पेपरावर नुसते तारे काढून देतेत. तुमी तरी सांगितलं. तुमच्याकडंच घालते तिला."

मॅडमनी डोळे पुसून फॉर्म मांडीवर घेतला, पेन उघडलं. वीस झाली. त्यांना हायसं वाटलं, आणि अशा वेळीही हायसं वाटतं याची लाजही वाटली.

"एकच सांगा," पंचशीला म्हणाली. "शिकंल ना ती तुमच्याकडं? आत्ता बोललात तसं खरं सांगा."

आडनावाशी येऊन पेन थांबलं.

"चौथीपर्यंतचे चार वर्ग आहेत आता," मॅडम हळूहळू म्हणाल्या. "शिकवायला मी एकटी. दुसरे गुरुजी मार्चमध्ये निवृत्त झाले, त्यांची जागा भरणार नाहीत म्हणतात. आठवड्यातले दोन दिवस याद्या करण्यात आणि ऑनलाईन माहिती भरण्यात जातात. चौथीत सहा पोरं आहेत, त्यातल्या चौघांना जोडाक्षर वाचता येत नाही. सगळ्यांना 'अ' श्रेणी दिलीय मी. याच एप्रिलमध्ये."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते एकोणीस चेहरे एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले आणि तो रस्ताही दिसला. तरी त्यांनी आधार कार्ड उचलून पंचशीलाच्या हातात परत दिलं.

"नको घालूस आमच्याकडं."

बाहेर पोरींचा खेळ रंगला होता. पंचशीला रागावली नाही. ती नुसती उभी राहून कार्डावरचा पोरीचा फोटो बघत राहिली.

"मंग कुठं घालू, मॅडम?"

सिंधु मॅडमना शहरातल्या सगळ्या शाळा ठाऊक होत्या. सरकारी, अनुदानाच्या, इंग्रजीच्या. कितीक शाळांच्या तपासणीला त्या साहेबांबरोबर जाऊन आल्या होत्या, 'अ' श्रेणीच्या शेऱ्याखाली सह्या करून आल्या होत्या. एकेक नाव त्यांच्या मनात आलं आणि गेलं. पंचशीला उत्तराची वाट बघत होती.