मी ठोक्याची वाट पाहत राहिलो

मी डिफिब्रिलेटर बोलतोय. नुसत्याच थरथरणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देऊन ताळ्यावर आणायचं, हे माझं काम. कॅनडातल्या थंडर बे गावातल्या एका रुग्णालयात, हृदयरोग्यांच्या वॉर्डात माझी गाडी उभी असते.

मी आलो तेव्हा कंपनीचा माणूस शिकवायला आला होता. मुख्य नर्स डार्लीन त्याला म्हणाली, "जुनं मशीन आम्ही वर्षानुवर्षं चालवलं. बटणं तीच ना? मग झालं." तो कॉफी पिऊन गेला.

बटणं तीच होती. पण माझ्यात एक फरक होता. 'सिंक' लावलं की मी रुग्णाचा ठोका शोधतो आणि तो धरूनच झटका देतो. जुनं मशीन एका झटक्यानंतर आपोआप सिंकमधून बाहेर यायचं. मी येत नाही. कुणीतरी ते बंद करावं लागतं.

रेयो लाहतिनेन हा कागद गिरणीतला निवृत्त कामगार. त्याचं हृदय बेफाम धावत होतं, पण ठोका होता. डॉक्टरांनी सिंक लावून झटका दिला, हृदय वळणावर आलं, आणि डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेले. सिंक तसंच राहिलं.

थोड्या वेळाने माझ्या पडद्यावरची रेयोच्या हृदयाची रेघ पिसाटली. टेसा नावाची नवी नर्स धावत आली. तिने बटण दाबलं. मी ठोका शोधू लागलो. ठोका उरलाच नव्हता, हृदय नुसतंच थरथरत होतं.

"डार्लीन, हे झटका देतच नाहीये."

"नीट दाब गं. अंगात जीव नाही का तुझ्या?"

छाती दाबणं चालू होतं. त्यांनी छातीवर चिकटवलेल्या माझ्या पट्ट्या बदलल्या, वायर बदलली. दाराशी रेयोची बायको मार्यत्ता उभी होती.

"तो दिवा सारखा का लुकलुकतोय?" तिने विचारलं.

"बाई, बाहेर व्हा. आम्हाला काम करू द्या," डार्लीन म्हणाली.

तो सिंकचा दिवा होता.

खालच्या मजल्यावरून दुसरं मशीन आलं, तेव्हा रेघ सपाट झाली होती.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाने मला तपासलं. "यंत्र ठणठणीत आहे. सिंक बंद केलं नव्हतं."

तो गेल्यावर डार्लीन टेसाला म्हणाली, "तोंड बंद ठेव. बोट तुझं होतं."

अंत्यविधी झाल्यावर मार्यत्ता वेलचीचा गोड पाव घेऊन आली. "तुम्ही सगळ्यांनी फार धडपड केलीत," ती म्हणाली.

"मशीनच ऐन वेळी अडलं हो," डार्लीन म्हणाली.

मार्यत्ता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मेल्या," ती हळूच म्हणाली, "तुला एवढंच तर करायचं होतं."

टेसाने बोलायला तोंड उघडलं. डार्लीनने तिच्या हातात पावाचा तुकडा ठेवला. "खा. गरम आहे."

टेसाने तो खाल्ला.

मी अजून याच वॉर्डात आहे. परिचारिकांनो, मला दोष द्यायचा तर खुशाल द्या. पण ठोका हरवला की आधी सिंक बंद करा, मग बटण दाबा. समोरचा माणूस मरतोय हे मला कळत नाही. मी नुसती वाट पाहतो, आणि वाट पाहायचा मला कधीच कंटाळा येत नाही.