सान लुकासच्या जत्रेचा टोप

मित्रांनो, मी टोप. पितळेचा, जुना आणि पोटाने चांगला मोठा. पुण्यात मला पातेलं म्हणतात, सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधले शेजारी 'बिग पॉट' म्हणतात. पण चिपळूणच्या दुकानात ज्यांनी मला बोटाने टिचकी मारून, आवाज ऐकून निवडलं, त्या उर्मिलाबाई मला टोप म्हणत. म्हणून मीही तेच नाव लावतो. माझ्या काठाखाली त्यांचं नाव कोरलेलं आहे. त्या काळी भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते कोणी घरी नेत नसे.

माझी पहिली वर्षं पुण्यात लग्नामुंजीत गेली. मग उर्मिलाबाईंच्या मुलाने, निशिकांतने, सिंगापूरला नोकरी धरली. तो हिशेबनीस, बायको सुलेखा बँकेत. सुलेखाच्या बाळंतपणाला निघताना उर्मिलाबाईंनी डिंकाचे लाडू माझ्यात भरले, वर फडकं बांधलं आणि मला विमानात चढवलं. मुलगा विमानतळावर कपाळाला हात लावून उभा होता. "आई, इथे भांडी मिळतात," तो म्हणाला. "मिळत असतील, पण ती माझी नाहीत," असं म्हणून उर्मिलाबाई चालू लागल्या. मला त्यांचा असा स्वभाव आवडायचा.

त्याच सुमारास घरात नेनिता आली. फिलिपिन्समधल्या एका बेटावर सान लुकास नावाचं कोळ्यांचं गाव आहे, ती तिथली. स्वतःचा लहान मुलगा आईपाशी ठेवून ती इथे क्षिप्राला सांभाळायला आली होती. क्षिप्रा म्हणजे आमच्या घरातलं नवं बाळ, तिच्यासाठी उर्मिलाबाईही इथेच राहिल्या. नेनिता उर्मिलाबाईंना 'लोला' म्हणायची. तिच्या भाषेत लोला म्हणजे आजी. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे त्यांचं उत्तम जमलं.

रविवारी नेनिताला सुट्टी असे. एका रविवारी बोटॅनिक गार्डनमध्ये मागून कोणीतरी तिच्याच गावच्या हेलात बोलताना तिला ऐकू आलं. वळून बघते तर दोन बायका, दोघीही सान लुकासच्या. एकीचं घर तर तिच्या शाळेच्या वाटेवरचं. तिघी झाडाखाली प्लास्टिक अंथरून बसल्या, पाकिटातला भात खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत गावाबद्दल बोलत राहिल्या. घरी आल्यावर नेनिता हे सांगता सांगता रडली. उर्मिलाबाईंनी ऐकून घेतलं आणि मला फळीवरून खाली काढलं.

गावची माणसं जमतात आणि पाकिटातला भात खातात, हे त्यांना पटेना. पुढच्या रविवारी टोप घेऊन जा, म्हणाल्या. मासे, कोंबडी काही शिजव, आम्ही कोकणातले. फक्त आंबट काही शिजवायचं नाही. नेनिताने का ते विचारलं नाही. तिला वाटलं, यांच्या देवाचं काहीतरी असेल. तीही देवभोळीच, तिने मान डोलावली.

सान लुकास मंडळाची सुरुवात अशी झाली. मंडळाला ना ऑफिस होतं ना पाटी. एक मी होतो आणि बाजारहाटाची चाकांची पिशवी होती, तिच्यात बसून मी बसने बागेत जायचो. सकाळी क्वीन्सटाउनच्या स्वयंपाकघरात माझ्यात आलं घातलेली कोंबडीची पेज शिजायची, सणाला नारळाच्या दुधात रताळी आणि साबुदाणा. बायकांमागून बायका जोडल्या गेल्या. जुरोंगच्या कारखान्यांत काम करणारे दोघे वेल्डरही गिटार घेऊन यायला लागले. ऑक्टोबरात गावदेवाच्या, म्हणजे संत लुकासच्या, जत्रेला तर झाडाखाली पताका लागायच्या आणि उर्मिलाबाई, सुलेखा, क्षिप्रा पाहुण्या म्हणून जायच्या. संध्याकाळी मी घरी परतायचो तो कधीच रिकामा नाही. कधी माझ्यात केळीच्या पानात वाफवलेला भात असे, कधी चार आंबे. उर्मिलाबाई झाकण उघडून बघायच्या आणि समाधानाने म्हणायच्या, "चांगल्या घरची मुलगी आहे." दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत दोन्हीकडे सारखीच निघाली होती.

एका वर्षी सान लुकासवर मोठं वादळ आलं. शाळेचं छप्पर उडालं. त्यानंतर कित्येक रविवार मंडळातल्या कोणीही हॉकर सेंटरची, म्हणजे तिथल्या खाण्याच्या गाळ्यांची, पायरी चढलं नाही. सगळे माझ्यातली पेज जेवायचे आणि वाचवलेलं शाळेसाठी बाजूला काढायचे. शेवटी गावात निळे पत्रे पोहोचले. मी स्वतः ते छप्पर पाहिलेलं नाही, पण त्यात माझाही वाटा आहे असं मी मानतो. कोणी हसलं तर हसू दे.

उर्मिलाबाई दर वर्षी पुण्याला जाताना मला बरोबर नेत. निशिकांतला वाटे, आईला टोपाशिवाय करमत नाही. सुलेखाला वाटे, हा त्यांचा हट्ट. मी मात्र दर वर्षी नवा होऊन परत येत असे. मग महामारी आली. बागेत जमणं बंद झालं. त्या वर्षी घाईने मला न घेताच पुण्याला गेलेल्या उर्मिलाबाई तिथेच अडकल्या, पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांचं येणंजाणं कायमचं थांबलं. मी स्टोअररूममध्ये, जुन्या पंख्याच्या मागे पडून राहिलो. अंधारात दिवस कसे जातात ते मला विचारू नका.

बंदी उठली तेव्हा मंडळ विरळ झालेलं होतं. कोणी गावी परतलं होतं, कोणी दुसऱ्या देशात गेलं होतं. नवी मुलं सान लुकासहून येत होती, पण ती बरीचशी शिकलेली, हॉस्पिटलात नाहीतर ऑफिसात काम करणारी. घरकाम करणाऱ्या मावश्यांच्या प्लास्टिकवर येऊन बसायला त्यांना जमेना. नेनिता कशीबशी मंडळ ओढत होती. आणि आता तिचीच घरी जायची वेळ आली होती. मुलाचं लग्न ठरलं होतं, वर्ष संपताना ती कायमची निघणार होती. मंडळ कोणाच्या हाती द्यायचं हे तिला कळत नव्हतं. कोणी पुढे आलं नाही तर तिच्याबरोबर तेही संपणार होतं.

तिने ठरवलं, यंदाच्या जत्रेला सगळ्या नव्या मुलांना बोलवायचं. एकेकाला फोन केले. जेवायला काय करायचं, तर पेज नको, तरुण मुलांना आवडेल असं काहीतरी हवं. तिच्या मनात अडोबो होता. व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेली कोंबडी, त्यांच्याकडच्या प्रत्येक घराची चव. पण लोलाचा नियम आडवा आला. तिने सुलेखाला विचारलं. सुलेखा दिवाळीच्या चकल्या तळत होती. तिने प्रेमाने सांगितलं की लोलाचं ते जुनं सोवळंओवळं आता धरून बसायची गरज नाही, तुझी शेवटची जत्रा आहे, तुला हवं ते शिजव.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या वेळी ओरडलो असतो. नेनिताने आदल्या दिवशी चिंचेने घासून मला बाहेरून आरशासारखा केला होता. माझ्या आत बघायचं कोणालाही सुचलं नाही.

सकाळी व्हिनेगर माझ्यात पडलं. मांस शिजलं, झाकण लागलं, मी चाकांच्या पिशवीत बसून बागेत गेलो. पताका लागल्या. नवी मुलं आली, थोडी, पण आली. वुडलँड्सला राहणारी मायलीन नावाची एक नर्स होती. ती हातात पर्स धरून, कधीही निघता येईल अशी कडेला उभी होती. नेनिताने झाकण उघडलं. रशावर हिरवट तवंग होता. तिने चमच्याने चाखून पाहिलं आणि लगेच दुसऱ्या हाताने माझ्यावर झाकण ठेवलं. अडोबो कळकला होता. कोणाच्याही पानात तो पडला नाही एवढंच बरं झालं.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. नेनिता माझ्याशेजारी खाली बसली. सुलेखाचा चेहरा उतरला. काय झालं हे तिलाही समजत नव्हतं. तिने तिथूनच पुण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. क्षिप्राने फोन माझ्या आत धरला.

उर्मिलाबाईंनी चष्मा लावला, क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "कल्हई कधी केली होतीत?"

क्षिप्राने फोन आईकडे वळवला. मग सुलेखा म्हणाली, "आई, मला वाटलं तुमचं ते सोवळं आहे."

"अगं, नियम देवाचा नव्हता, पितळेचा होता," उर्मिलाबाई म्हणाल्या. "कल्हई गेली की आंबट पितळेला लागून लगेच कळकतं. म्हणून दर वर्षी मी तो इकडे आणायचे. मीच कधी सांगितलं नाही, तुम्हीही कधी विचारलं नाहीत." मग त्यांनी नेनिताला फोनवर बोलावलं आणि मोडक्या इंग्रजीत बजावलं, "नो क्रायिंग. पॉट सिक. पॉट विल बी ओके."

नेनिता रडता रडता हसली. सुलेखाने चकल्यांचा डबा उघडला, कोणी हॉकर सेंटरवरून भात आणायला धावलं. जेवण असं तसं जुळलं. एका मुलीने विचारलं की हा भारतीय टोप आपल्या मंडळात कसा. तेव्हा नेनिताने सगळं सांगितलं. पाकिटातला भात, लोला, रविवारची पेज, वादळ आणि शाळेवरचे निळे पत्रे.

पत्र्यांचं ऐकून मायलीन कडेवरून पुढे आली. तिने प्लास्टिकवर बैठक मारली, पर्स बाजूला ठेवली. "आंटी," ती म्हणाली, "पाऊस आला की त्या पत्र्यांचा इतका आवाज व्हायचा, टीचर शिकवणं थांबवायची. मी तिथेच शिकले. पत्रे सरकारने दिले असं आम्हाला वाटायचं."

नेनिता तिच्याजवळ सरकली. मग तिने माझं झाकण उचलून मायलीनच्या हातात दिलं. का दिलं ते तिलाही सांगता आलं नसतं, पण मायलीनने ते मांडीवर धरून ठेवलं आणि निघेपर्यंत सोडलं नाही.

दिवाळी झाल्यावर सुलेखा मला घेऊन पुण्याला गेली. कल्हईवाला आता सहज सापडत नाही. उर्मिलाबाईंनी फोनवर फोन करून एकाला शोधलं आणि गुडघे दुखत असतानाही समोर खुर्ची टाकून बसल्या. भट्टीवर मी तापलो, नवसागराचा धूर झाला, कथिल वितळलं, कापसाच्या बोळ्याने ते माझ्या पोटभर फिरलं. आत पुन्हा चांदीसारखं पांढरं झालं. मग सुलेखाने माझ्यावर आणखी एक ओळ कोरून घेतली. उर्मिलाबाईंनी मला रिकामं पाठवलं नाही हे सांगायला नकोच. डिंकाचे लाडू घेऊनच मी पुन्हा विमानात चढलो.

नेनिताच्या निघण्याच्या दिवशी घरात तिच्या बॅगा भरलेल्या होत्या. मायलीन मला न्यायला आली होती. नेनिताने माझ्या काठावरून बोट फिरवलं आणि नवी ओळ काय आहे ते क्षिप्राला विचारलं. क्षिप्रा सिंगापूरच्या शाळेत वाढलेली, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. "वाचता येईल का तुला?" सुलेखाने विचारलं. "कॅन लाह," म्हणजे येईल की, असं ती सिंगापुरी थाटात म्हणाली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली.

"उर्मिला यांजकडून, नेनिताच्या गावास."

मग तिने नेनिताला अर्थ सांगितला. क्षिप्राला आपल्या हातांनी वाढवणारी नेनिता बराच वेळ तिला धरून उभी होती.

आता मी वुडलँड्सला राहतो. जत्रेला, सणाला माझ्यात पेज शिजते. वेल्डरांच्या गिटारीशेजारी नर्स बसतात, ऑफिसातली मुलं मावश्यांकडून आलं किसायला शिकतात. कोणी नवं आलं की मायलीन आधी माझं झाकण काढून आतली कल्हई दाखवते आणि नियम सांगते. लगेच त्याचं कारणही सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल, एखादा जुना नियमही असेल. तो मोडायच्या आधी, आणि पाळायच्या आधीही, ज्याने केला त्याला विचारा. भांडं बाहेरून कितीही चकाकत असलं तरी अधूनमधून आत डोकावून बघा. आणि कोणाचं भांडं तुमच्याकडे आलं, तर परत देताना त्यात काहीतरी घाला. गेल्या महिन्यात क्षिप्रा लाडूंचा डबा घेऊन मला भेटायला वुडलँड्सला आली होती. जाताना मायलीनने तो धुऊन पुसून ठेवला, मग क्षणभर थांबली आणि त्यात माझ्यातली गरम पेज भरून दिली.