फेब्रुवारीत करता येईल

जेवणाच्या काट्याच्या दांडीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, वेढ्यावर वेढा, इतके वेढे की तो काटा आता सुजलेल्या एखाद्या प्राण्यासारखा ताटलीच्या कडेला टेकून बसला होता — आणि पट्टी त्याचीच होती, ओझेलची, सामन्याआधी बोटांना बांधायची, मागच्या खेपेला बॅगेतून राहून गेलेली... आईच्या मुठीत बारीक दांडी राहत नाही म्हणून तिनं ती अशी जाड करून घेतली आहे, हे कळायला त्याला मक्याच्या भरड्याची अर्धी पेज संपवावी लागली. एरवी त्याला सगळं आधी कळतं. त्याचा धंदाच तो.

मंगळवार होता. रविवारी अमेरिकन फुटबॉलचा सामना, सोमवारी कोच त्या सामन्याची फिल्म लावून प्रत्येकाच्या प्रत्येक हालचालीला गुण देणार, आणि मंगळवारी खेळाडूंना माणसासारखं वागायची सवलत. ती सवलत घेऊन ओझेल ग्रिम्सली आपल्या गावी, टॅलोवाला, आईकडे आला होता आणि रात्रीच्या विमानानं परत जाणार होता. आईच्या उजव्या हाताची उद्या सकाळी सातला शस्त्रक्रिया. एकोणीस वर्षं कोंबडीच्या कारखान्यात मांड्यांतली हाडं काढली, मिनिटाला इतक्या मांड्या, आणि मनगटातली नस दबली ती दबलीच. डॉक्टर म्हणाले होते, आणखी रेंगाळलात तर बोटांतली जाणीव परत येईलच असं सांगता येणार नाही. आणि नंतर सहा आठवडे हात टेकायचा नाही, भार द्यायचा नाही. आज पाचच्या आत नर्सला फोन करून नक्की सांगायचं, एवढंच उरलं होतं.

एवढंच.

समोर आई बसली होती आणि तिच्या शेजारी तिची थोरली बहीण व्हर्लीन मावशी, जी रस्त्यापलीकडे राहते पण जेवते इकडे. मावशी पावाला लोणी लावता लावता, मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, "तुला माहीत नाही होय रे? तुझी आई तुझा सामना कधी बघतच नाही. टीव्हीकडे पाठ करून बसते. तीन बोटं या टेबलावर, अशी. बोटांचा रंग उडाला की तू सुटतोस."

"म्हणजे मी सुटलो की बोटं..."

"आधी बोटं. मग तू. मी आणि डीकन प्रुइट बोटंच बघतो. अर्धा सेकंद आधी कळतं."

आई म्हणाली, "हात दुखतो म्हणून टेकवते. हिचं काहीतरीच."

पण मावशी थांबली नाही. चर्चमधली निम्मी मंडळी येऊन बघून गेलेली होती. येताना कुणी कोलार्डची भाजी आणतं, कुणी रताळ्याचा केक, सभ्यपणे भिंतीशी उभं राहतं आणि सामना संपला की आईचे आभार मानून जातं. ओझेल हसला. हसायचंच होतं. मग त्याच्या लक्षात आलं की मावशी हसत नाहीये.

बोटं... बोटांवरच तर तो मोठा झाला होता. शाळेतल्या कोचनं शिकवलेली एकच विद्या : समोर वाकून बसलेल्या त्या तीन मणांच्या गड्याचे डोळे बघू नकोस, डोळे हरामखोर असतात, जमिनीला टेकलेली बोटं बघ. पेरं फिकी पडली असतील तर भार पुढे आहे, अंगावर येणार, चेंडू घेऊन पळणार. बोटं हलकी टेकली असतील तर तो मागे सरणार, मागच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला वेळ काढून देणार; मग तू बाहेरून वळसा घाल आणि त्या फेकणाऱ्याला आडवा कर. बस्स. एवढ्यावर शाळा, एवढ्यावर कॉलेज, एवढ्यावर गेल्या हंगामात एकोणीस वेळा माणूस आडवा, देशातला सर्वांत भारी बचावपटू म्हणून काचेचा एक अवजड ठोकळा. आणि टॅलोवाच्या वेशीवरच्या पाटीवर त्याचं नाव. पाटीवर आधीपासून कोंबडी होती. ती पुसायला पंचायतीची मंजुरी लागते, म्हणून रंगाऱ्यानं नाव वर आणि त्याचा नंबर जागा मिळेल तिथे काढला. लांबून बघितलं की चौऱ्याण्णव नंबर कोंबडीनंच घातलेला दिसतो.

विद्या खरी होती. पण कालची फिल्म... काल संघाच्या कोचनं फिल्म मध्येच थांबवली, काठीनं पडद्यावर टकटक केली आणि म्हणाला, इथे बघा रे. चेंडू हललेला नाही. समोरच्याचं बोट हललेलं नाही. पेरंसुद्धा दिसत नाहीत, हात गवतात आहे. हा मात्र हललाय. सगळे हसले, कोचनं अधिकचं चिन्ह दिलं, पुढची फिल्म लागली. ओझेल त्या थांबलेल्या चित्रातच राहिला. पडद्यावरचा तो माणूस समोर बघतच नव्हता. त्याची मान किंचित कलली होती — मागून कुणी हाक मारल्यावर कलते तशी.

आणि दरवेळी पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तो दाब... मी त्याला आजवर खांद्यांवरच्या चिलखताचा पट्टा समजत आलो. पट्टे बदलून घेतले. दोनदा. सामान देणाऱ्याला बोललोसुद्धा. लहानपणी हमरस्ता ओलांडताना आई हात धरायची नाही, तिच्या हातांना कारखान्याचा वास यायचा आणि तिला त्याची लाज होती. ती मागे उभी राहायची आणि कोंबड्यांचे ट्रक गेले की पाठीवर तीन बोटं टेकवायची. "आता." मी बघायचोच नाही रस्त्याकडे. बोटं लागली की पळायचं.

त्यानं गेल्या वर्षीचे दोन सामने आठवले, ज्यांत तो नुसता उभा होता, दगडासारखा, आणि वर्तमानपत्रांनी त्याला पोटाचं दुखणं बहाल केलं होतं. सहज विचारावं तसं त्यानं आईला विचारलं, आणि आईनं सहज सांगितलं. पहिल्या रविवारी ती चुलतबहिणीच्या मयतीला गाडी चालवत गेली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. दुसऱ्या वेळी हात इतका ठणकत होता की दुपारभर गरम पाण्यात बुडवून बसली होती.

"का रे?"

"काही नाही. असंच."

दहाच्या सुमाराला तो केस कापायला टिलमनच्या दुकानात गेला. केस कापायचे नव्हतेच, पण घरात तो त्या टेबलाकडे बघत राहिला असता. दुकानात डीकन प्रुइट आधीच बसलेले, चर्चचे कारभारी, गावातल्या प्रत्येक खुर्चीत आधीच बसलेले असतात. टिलमननं अंगावर कापड टाकलं, मान पुढे वाकवली आणि आईच्या तब्येतीची चौकशी केली. उद्याच ना? बरं बरं. हात म्हणजे नाजूक काम. घाई कशाला करायची. आपला तो फेब्रुवारी महिना किती छान असतो, हवा कोरडी, जखमा लवकर भरतात. फेब्रुवारीत हंगाम संपलेला असतो हे कुणी म्हणालं नाही. टॅलोवाची माणसं सभ्य आहेत. डीकन म्हणाले की नऊ वर्षं दुखणारा हात आणखी चार महिन्यांनी दुखायचा थांबला म्हणून स्वर्गात काही खोळंबत नाही. खुद्द डॉक्टरांचा धाकटा भाऊ याच गावातला, त्यानंही, म्हणे, थोरल्याला फोन करून फेब्रुवारीचे गुण सांगितले होते.

मग डीकन जरा पुढे वाकले. "तुझ्या आईला आम्ही काही बोललेलो नाही हो बाळा. आम्ही कोण बोलणारे? फक्त प्रार्थनेत नाव घेतो. तिचं आणि हाताचं. वेगवेगळं."

इथे राग यायला हवा होता. ओझेलनं वाट पाहिली. समोरच्या आरशात एक भला मोठा माणूस कापडाखाली बसला होता, ज्याच्या आईच्या हाताबद्दल दोन म्हातारे मोटारीच्या सुट्या भागाबद्दल बोलावं तसे बोलत होते — आणि त्या माणसानं मान हलवली. होकारार्थी. अगदी थोडी, वस्तरा लागू नये इतपत. टिलमननं ती बघितली. डीकननं बघितली. दुकानातलं वातावरण एकदम मोकळं झालं, कुणीतरी रेडिओ लावला.

मी हो म्हणालो नाही, असं तो घरी येईपर्यंत स्वतःला सांगत राहिला. मान अवघडली होती.

दुपारी तो परसात गेला. पिकानच्या झाडासमोर, स्वैपाकघराच्या खिडकीकडे पाठ करून, खाली वाकला, उजव्या हाताची बोटं मातीला टेकली. समोर कुणी नव्हतं. चेंडू नव्हता, शिट्टी नव्हती, झाडाची बोटं बघायची म्हटलं तर मुळं होती आणि ती गेली साठ वर्षं एकाच बेतात होती. वाऱ्याचं नाव नाही. शेजारचं कुत्रंसुद्धा गप्प. आता मी आपण होऊन उठेन, त्यानं ठरवलं. दहा मोजेन आणि उठेन, माझा मी. एक. दोन. तीन. चार...

तो झाडाच्या डाव्या बाजूला उभा होता. धापा टाकत. पायाखाली माती उकरली गेली होती, खांद्याला सालीचा ओरखडा होता, आणि पाच मोजल्याचं त्याला आठवत नव्हतं.

त्यानं मागे वळून बघायला बराच वेळ घेतला. खिडकीत आई उभी होती. दोन्ही हात सिंकच्या आत, दिसत नव्हते. भांडी घासत असेल. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, खाली बघत होती, कपाळाला आठी घालून, जसा काही एखादा चिवट डाग निघत नाहीये... मग तिनं वर बघितलं, ओला डावा हात काढून काचेवर टकटक केली आणि तोंडानं खूण केली : जेवायला.

मासे तळले होते. डाव्या हातानं तळले होते, त्यामुळे काही करपले, काही कच्चे. त्यानं सगळे खाल्ले.

चार वाजून गेले. मावशी आपल्या घरी जाऊन झोपली. आई टेबलाशी बसली, फोन समोर. उजवा हात मांडीवर, उलटा, झोपलेल्या मांजरासारखा. त्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवून ओझेल खिडकीबाहेर बघत होता आणि हिशेब करत होता — हिशेब नाही, हिशेब करण्यासारखं यात काय आहे — दहा सामने उरलेत, मग बाद फेरीचे, मग फेब्रुवारी. चार महिने. बोटांतली जाणीव परत येईलच असं सांगता येत नाही म्हणाले, येणारच नाही असं कुठे म्हणाले? आणि हे सगळं खुळचट आहे. मावशी भुतं बघते, डीकन प्रुइट तर भोपळ्यात येशू बघतात. हे खुळचट आहे तर मग उद्या शस्त्रक्रिया होण्यानं माझं काही बिघडत नाही, आणि खरं आहे तर... खरं असेल तर ही बाई चोवीस वर्षं मला रस्ता ओलांडून देते आहे, दुखऱ्या हातानं, आणि ट्रक संपतच नाहीयेत.

आई म्हणाली, "सगळे म्हणतात फेब्रुवारीतही करता येईल."

ओझेलनं समोरचा पाण्याचा पेला उगाच सरकवला.

"मला काय, मला सवय आहे. रात्री तेवढा जास्त ठणकतो. तू सांगशील तसं करू. तुझं मन काय म्हणतं?"

मन काय म्हणतं. जगात पहिल्यांदाच कुणीतरी समोर वाकून बसलं होतं आणि हलायची पाळी त्याची होती. घड्याळाचा काटा एक घर पुढे सरकला. बाहेरून कोंबड्यांचा एक ट्रक गेला, बराच वेळ जात राहिला, आणि त्याची पांढरी पिसं रस्त्यावर बसेपर्यंत ओझेलच्या तोंडातून शब्द आले नव्हते.

"उद्याच करून टाक, आई," तो म्हणाला. "फेब्रुवारी नाही नि काही नाही."

आवाज चांगला आला होता. मुलाखतीत येतो तसा. आई त्याच्याकडे बघत राहिली, पण त्याच्या डोळ्यांकडे नाही, बोटांकडे.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"कशाला?"

"बोलायला. तू उशीर करत नाहीस कधी."

तिच्या आवाजात बोल लावल्यासारखं काहीच नव्हतं. आमटी अळणी झाली तर आपण म्हणतो ना, अळणी झाली, तसं. मग तिनं डाव्या हातानं फोन उचलला, खुर्ची मागे सरकवली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. पूर्ण नाही.

तो उठला नाही. आतून आवाज येत होता, आकडे दाबल्याचा, मग थांबा थांबा असं सांगणाऱ्या कुणाचा तरी पातळ आवाज, मग आई : हो, ग्रिम्सली... हो, अर्लीन... हो, उजवा. मग तिनं पलीकडचं बरंच काही ऐकून घेतलं. नर्स काहीतरी गंमतीचं बोलली असावी, कारण आई हसली. बारीक, घशातल्या घशात. त्या हसण्यावरून काही कळत नव्हतं. आवाज खाली गेला, दाराकडे पाठ फिरवली असावी, आणि शब्द शब्द राहिले नाहीत, नुसता गुणगुणाट झाला.

अशा वेळी माणसाला धाकधूक वाटते. ओझेलनं ती शोधली. पण छातीत काही धडधडत नव्हतं, हातपाय गार नव्हते, उलट एक मोठा श्वास नुकताच बाहेर पडून गेला होता आणि सगळं अंग सैल, ऊबदार, परीक्षा देऊन आल्यासारखं... उद्याच्या शस्त्रक्रियेला आईनं अजून हो किंवा नको यांतलं काहीच म्हटलेलं नव्हतं आणि मला हायसं वाटून झालं होतं.

कशाचं हायसं, उद्याचं की फेब्रुवारीचं, ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं.