जागा खाणाऱ्या गाद्या

जितेंद्रची बदली जयपूरला झाली, तशी जळगावच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आवराआवर सुरू झाली. धुरपदाबाईंनी लेकाला आणि सुनेला एकच गोष्ट सांगितली, "माझ्या सहा गाद्या येतील. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा."

गाद्या साध्या नव्हत्या. पहूरची जमीन विकण्याआधी त्यांच्या यजमानांनी, बन्सीलालांनी पिकवलेला तो शेवटचा कापूस. त्यानंतर वर्षभरात ते गेले. व्यापारी दारात आला होता, पण बाईंनी तो कापूस विकू दिला नाही. सरकी काढून घेतली आणि रुई गाद्यांत भरली.

"आई, जयपूरला रजया ढिगाने मिळतात," चारुलता म्हणाली.

"मिळू देत की. त्यात यांचा कापूस आहे का?"



सामान बघायला धुळ्याहून ट्रान्सपोर्टवाला अल्तमश आला. हातात टेप, कानाला पेन. त्याने सगळ्या खोल्या मोजल्या आणि आकडा सांगितला, एकसष्ट हजार. जितेंद्रची कंपनी देणार होती पंचेचाळीस. वरचे घालायला जितेंद्रच्या हातात काही नव्हतं, तिकडच्या घराची अनामत भरून झाली होती.

"या गाद्या इथेच ठेवल्या तर?" त्याने हळूच विचारलं.

"आठ हजार कमी होतील."

बाईंचे कान टवकारले. "अरे बाबा, सहा गाद्या मिळून वजनाला त्या लोखंडी कपाटाएवढ्याही भरायच्या नाहीत. त्यांचे आठ हजार कसे?"

"अक्का, वजन कोण बघतो? घरसामानात ट्रक जागेनं भरतो. तुमच्या गाद्या जागा खातात."

बाई खुदकन हसल्या. हे तर त्यांना लग्नाच्या वर्षापासून ठाऊक होतं! कापसाची बैलगाडी दिसायची डोंगराएवढी, आणि काट्यावर चढली की एवढासा आकडा. इतकी वर्षं गेली, बैल गेले, गणित तेच राहिलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बैस. चहा घे. आणखी कशाकशाचे पैसे लावलेस ते सांग बरं."

"आई, त्यांना कामं असतील," जितेंद्र म्हणाला.

"असू दे भाऊ," अल्तमश बशीत चहा ओतत म्हणाला. "लोक नुसती घासाघीस करतात, विचारत कोणी नाही. बघा अक्का, तुमच्या लिफ्टमध्ये कपाट मावत नाही, म्हणजे हमाल जिन्याने नेणार. गल्लीत मोठा ट्रक वळत नाही, म्हणजे हायवेपर्यंत टेम्पो. त्यात महिन्याची अखेर, बठ्ठे लोक तेव्हाच घर बदलतात. वरून केळीचा हंगाम. उत्तरेकडे जाणारा ट्रक सध्या भाव खातो."

"आणि तिकडून इकडे येणारा?"

"तो संगमरवर घेऊन येतो. धुळ्यात उतरवतो आणि माल मिळेपर्यंत हायवेला पडून राहतो."

"मग तो जाताना आम्हाला का नेत नाही?"

अल्तमशने बशी खाली ठेवली. "नेईल की! पण तो कधी रिकामा होईल ते मी आज सांगू शकत नाही. तारीख तुमची असेल तर भाव माझा. तारीख माझी असेल तर भाव तुमचा."

बाईंनी लेकाकडे पाहिलं. "तू रेल्वेने पुढे हो. आम्ही सासूसुना सामानापाशी थांबतो. दहा दिवसांनी काय बिघडतं?"

आकडा एकावन्नवर आला. अजून सहा हजार जास्तच. सगळ्यांच्या नजरा पुन्हा गाद्यांकडे गेल्या. बाईंनी वरच्या गादीवर हात दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "जिनिंगमध्ये खोलीभर रुई दाबून तिची एवढीशी गठाण होते. माझ्या गाद्यांची का होऊ नये? तिकडे गेल्यावर पिंजून परत भरता येईल."

दुसऱ्या दिवशी नासीर पिंजारी आला. गच्चीवर चादरी अंथरून त्याने एकेक गादी उसवली. चार गाद्यांची रुई पिवळसर पण जिवंत होती. खालच्या दोन गाद्या भिंतीच्या ओलीत राहिलेल्या. त्यांतली मूठभर रुई त्याने बाईंच्या हातावर ठेवली.

"अक्का, ही मेली. मशीनमध्ये घातली तर नुसती धूळ होईल."

बाईंनी चिमूट घेऊन दोन्ही हातांनी ताणली. चांगला धागा ताण सोसतो. हा ताणायच्या आधीच तुटला. त्यांनी दुसरी चिमूट घेतली, मग तिसरी. तीही तुटली. बन्सीलाल बाजारात व्यापाऱ्यासमोर असाच धागा ताणून दाखवायचे, आणि तुटला तर स्वतःच भाव उतरवायचे.

"या दोन ठेव इथेच," त्या म्हणाल्या. "चार भर."

नासीरने रुई पायाने तुडवून दोन पोत्यांत ठासली, सुतळीने आवळली. संध्याकाळी अल्तमशने टेप लावली, मोबाइलवर हिशोब केला, पुन्हा केला.

"पंचेचाळीस. अक्का, आमच्या ऑफिसात येऊन बसा. गिऱ्हाइकांना समजवायला माणूस पाहिजेच आहे."

"पगार काय देशील ते आधी सांग," बाई म्हणाल्या. मग चारुलताकडे वळल्या. "त्या चार खोळी धुऊन माझ्या बॅगेत ठेव गं. ट्रकमध्ये कशाला जागा अडवायची!"