बोळातला दिवा

उर्वशी स्टुलावर चढली आणि भिंतीवरच्या सेन्सरवर तिनं स्टीलची वाटी पालथी दाबून धरली. आता त्याला काहीच दिसायला नको होतं. ना माणूस, ना पाल, ना हलणारा पडदा. बोळातला दिवा विझला. दोन श्वास गेले, आणि तो पुन्हा लागला.

"लागला!" ती आनंदानं ओरडली.

"त्यात खुश व्हाचं काय आहे?" खालून गजेंद्र म्हणाला. "चार दिवसांपासून तो असाच लागून राहिला. आईले भेव वाटते. काढून टाक म्हटलं ना."

"अहो, डोळे झाकले तरी लागते. म्हणजे डोळ्यात दोष नाही, वायरीत आहे."

लग्नाआधी छिंदवाड्याला शिकलेलं इलेक्ट्रॉनिक्स सौसरच्या पोस्टातल्या नोकरीत कुठंच लागत नव्हतं. पण रविवारी तिची सोल्डरची कांडी तापल्याशिवाय राहत नसे. हा दिवा मात्र हौसेसाठी नव्हता. सासूबाई, वत्सलाबाई, बाथरूममध्ये पडल्या होत्या. हाड जुळलं, डॉक्टरांनी वॉकर देऊन चालायला सांगितलं, पण मनातली भीती काही जुळेना. त्यांच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळाला खिडकी नव्हती. भर दुपारीही तिथं अंधार. गजेंद्रनं दंड धरल्याशिवाय त्या पाऊल टाकत नसत. पुढ्यात माणूस आला की आपोआप लागेल असा दिवा असला, तर त्यांना धीर येईल, असं उर्वशीला वाटलं होतं. आणि तोच दिवा कुणी नसताना लागू लागला होता.

"घरात कोणी फिरून राहिलं असं वाटते वं," खाटेवरून वत्सलाबाई म्हणाल्या. "मी नाही येत त्या बोळात."

"आज दुरुस्त करतो, आई," उर्वशी स्टुलावरून उतरत म्हणाली.

तिनं सेन्सर अ‍ॅडॅप्टरवरून काढून मोबाइलच्या पॉवर बँकेला जोडला. दिवा विझला तो विझलेलाच राहिला. तिनं मान डोलावली. दिव्याची पट्टी आणि सेन्सर एकाच बारीक वायरीवर होते. पट्टी बंद होताना वायरीत धक्का बसे, आणि बिचारा सेन्सर त्यालाच माणूस समजे. तिनं सेन्सरला अ‍ॅडॅप्टरपासून वेगळी वायर ओढली, ती पट्टीच्या वायरीपासून दूर नेली, आणि धक्का पिऊन टाकायला सेन्सरपाशी एक कपॅसिटर बसवला. संध्याकाळपर्यंत दिवा एकदाही उगाच लागला नाही.

"झालं," ती म्हणाली. गजेंद्रला पुन्हा विचारावंसं वाटलं नाही, इतक्या ठाम आवाजात.

गुरुवारी पोस्टातलं काम लवकर आटोपलं. गजेंद्र पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेला होता. उर्वशी मागच्या अंगणातून आली आणि दारातच थबकली. बोळात दिवा लागला होता.

कपॅसिटर गेला की टाका सुटला? चपला काढून ती दबकत पुढं झाली.

बोळात वत्सलाबाई होत्या. वॉकर खोलीत खाटेपाशी उभा. लुगड्याचा काठ वर खोचलेला, एक हात भिंतीजवळ, पण भिंतीला न टेकलेला. त्या स्वयंपाकघरापर्यंत आल्या, चौकटीपाशी वळल्या, परत गेल्या. मध्येच दम घ्यायला थांबल्या तसा दिवा विझला. अंधारात त्यांनी हात हवेत हलवला.

"लाग ना रे बाप्पा, मी आहो अजून."

दिवा लागला. त्या हसल्या आणि पुढं निघाल्या.

उर्वशीचा पाय आपसूक पुढं झाला होता. तिनं तो मागं घेतला. पावलं न वाजवता ती अंगणात गेली, फाटक उघडलं आणि धाडकन लावलं.

"आई, आली मी!"

तरीही ती लगेच आत गेली नाही. चपला घातल्या, पुन्हा काढल्या, नळावर सावकाश पाय धुतले. आत खाट करकरल्यावरच तिनं उंबरा ओलांडला.

जेवताना गजेंद्रनं विचारलं, "आता तर नाही ना लागत उगाच?"

खाटेवर ताट घेऊन बसलेल्या वत्सलाबाईंचा घास हातातच राहिला.

"दुपारी लागते थोडा वेळ," उर्वशी पोळी मोडत म्हणाली.

"मंग? काढू का?"

"काही हात लावू नका तुमी. मले समजला तो दोष. चांगला आहे."

वत्सलाबाईंनी घास खाल्ला, सावकाश चावला आणि ताट पुढं केलं.

"उर्वशी, अजून एक पोळी दे वं. आज भूक लागली."