दहा मिनिटांत पोहोचतो

आमच्या घराण्यात चार पिढ्या दर्यावर्दी. पणजोबांनी बोट चालवली, आजोबांनी चालवली, वडिलांनी चालवली, थोरला भाऊ अजून चालवतो. मी, फेदोन, नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटीवर नुसता कॉफी प्यायला चढलो तरी माझं पोट घशाशी येतं. वडिलांनी शेवटी नाद सोडला आणि ओळखीनं मला एका छोट्या कंपनीत चिकटवून दिलं. कंपनीची बेटावर जाणारी एक मोठी बोट, एक धाकटी बोट आणि किनाऱ्यावर चारपाच बसगाड्या. माझा हुद्दा प्रवासी सेवा प्रतिनिधी. काम एवढंच, की लोकांना हसून काहीतरी सांगायचं. वडील गावात सांगायचे, "पोरगा कंपनीत वरच्या जागेवर आहे." वरची म्हणजे तिकीटघराच्या माळ्यावरची.

मला नवी टोपी मिळाली होती. तिच्यावर निळ्या धाग्यानं भरलं होतं, 'तुमचा प्रवास, आमचा आनंद'. वाक्य माझंच. टोपी घालून मी धक्क्यावर फिरायचो तेव्हा आपल्याला ॲडमिरल समजतात असं मला वाटायचं. मला आइस्क्रीमवाला समजतात, असं बायकोचं मत.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी उत्तरेचा वारा सुटला आणि बंदराच्या अधिकाऱ्यांनी मोठी बोट बांधून ठेवली. धक्क्यावर अडकलं ते झिसिसचं वऱ्हाड. नवरदेव झिसिस, त्याची आजी मोस्खूला, आणि इस्त्रीचे कपडे घातलेले वीसपंचवीस पाहुणे. नवरी अर्गिरो पलीकडे बेटावर. लग्न संध्याकाळी.

"साहेब, काहीतरी करा," झिसिस म्हणाला.

मला साहेब म्हटलं की मी कुठल्याही थराला जातो. डोंगरापलीकडे लिमनारीचं लहान बंदर आहे, तिथं डोंगराच्या आडोशानं वारा लागत नाही. आमची धाकटी बोट तिथून दुपारी सुटणार होती. मी ताबडतोब बस काढायला लावली आणि जाहीर केलं, "नवरदेव आज बोहल्यावर उभा राहणार! ही माझी हमी!"

टाळ्या पडल्या. टाळ्या हे माझ्या बुद्धीचं मोठंच दुखणं आहे.

बसचे चालक लिनार्दोसकाका. भारदस्त मिशा, आरशाला टांगलेले तीन संत आणि बोलायचा कंटाळा. मी त्यांच्या शेजारी माईक घेऊन बसलो. चढावर बस धापा टाकत होती. मी लोकांना बाहेरचे द्राक्षमळे दाखवत होतो, विनोद सांगत होतो आणि मधूनमधून काकांना दबक्या आवाजात म्हणत होतो, "जरा ओढा ना काका. बोट सुटेल."

"ओढतोय," काका म्हणाले.

खिंड ओलांडली, उतार लागला आणि खाली लिमनारीचं बंदर दिसलं. आमची पांढरी बोट धक्क्याला उभी. मी माईक उचलला.

"मंडळी, दहा मिनिटांत पोहोचतो!"

पुन्हा टाळ्या. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि गाडी सोडली. वळण डावीकडे, वळण उजवीकडे. मागे कोणीतरी देवाचं नाव घ्यायला लागलं. मोस्खूला आजी ओरडली, "अरे पोरा, लग्नाला निघालोय, मयताला नाही!"

"आजी, अनुभवी चालक आहेत!" मी माईकवर हसत म्हणालो.

पुढच्या वळणावर माझं हसू अर्ध्यावर अडकलं. मला तोपर्यंत वाटायचं की माझं वैर फक्त समुद्राशी आहे. त्या दिवशी कळलं की माझ्या पोटाला जमीनही तितकीच नावडते. मी माईक बंद करायला विसरलो. त्यामुळे पुढचा आवाज, त्याच्या सगळ्या बारकाव्यांसह, शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेला. हाताशी टोपीच होती.

"थांबवा!" मी कसाबसा ओरडलो. "काका, थांबवा! मरतो मी!"

रस्त्याकडेला एक रुंद जागा होती. तिथं कुणाच्या तरी अपघाताच्या आठवणीला एक छोटं देऊळ खांबावर बसवलेलं, आत दिवा. काकांनी गिअर पाडत पाडत, हँडब्रेक ओढत, बस कशीबशी तिथल्या मातीच्या ढिगाला टेकवली. मी खाली उडी मारून झुडपात शिरलो.

झिसिस माझ्यामागे धावत आला. "अहो साहेब, बसमध्येच ओका ना! बोट चाललीय!"

"दोन मिनिटं," मी झुडपातून म्हणालो.

तेवढ्यात जळका वास आला. मला वाटलं माझाच. पण पाहुणे मागच्या चाकाकडे बोट दाखवत होते. दोन्ही मागच्या चाकांतून धूर निघत होता. लिनार्दोसकाका खाली उतरले, चाकाजवळ हात नेला आणि झटक्यानं मागे घेतला. मग देवळाच्या खांबाला टेकून खाली बसले.

"ब्रेक गेलेत," ते म्हणाले. "मागच्या चार वळणांपासून पायाखाली मऊ लागत होतं."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चिरकला.

"तू दहा मिनिटं म्हणून जाहीर करून बसला होतास. लोकांनी टाळ्यापण वाजवल्या. म्हटलं, साहेबाची शोभा कशाला करा. माझीपण झाली असती."

पुढचं वळण तिथून दिसत होतं. कठडा नव्हता, खाली खडक आणि त्याखाली समुद्र. झिसिसनं ते पाहिलं आणि नव्या कोटासकट तसाच मातीत खाली बसला.

मी बोटीच्या कप्तानाला फोन लावला. "पंधरावीस मिनिटं थांब रे, लग्नाची माणसं आहेत."

"नाही थांबत," तो म्हणाला. "वेळेवर सुटणं हीच खरी सेवा, असं माझ्या केबिनमध्ये कोणी चिकटवलंय?"

मीच चिकटवलं होतं. चार रंगांत.

आम्ही सगळ्यांनी डोंगरावरून बोट जाताना पाहिली. ती बेटावरून रात्रीच्या मुक्कामाला संध्याकाळी लिमनारीला परत येणार होती, आणि पुन्हा बेटाकडे थेट दुसऱ्या दिवशी. झिसिसनं अर्गिरोला फोन लावला. तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"कुठे आहेस तू? पाद्रीबाबा येऊन बसलेत!"

"डोंगरावर. बस थांबलीय."

"का? तू ओकलास का?"

"मी नाही गं. कंपनी ओकली."

मग त्यानं ब्रेकचं सांगितलं. ती म्हणाली, "तिथंच बस. हलू नकोस. त्या बसला हातपण लावू नकोस. बोट इकडे आली की मी येते त्याच बोटीनं."

"पण लग्न तर तिकडे..."

"लग्न मी जिथं असेन तिथं आहे, झिसिस."

दोन तासांनी दुसरी बस आली. लिनार्दोसकाका तिचा वेग पाहून खूश झाले. रस्त्यावरची गाढवंही तिच्या पुढे जात होती.

संध्याकाळी धाकटी बोट लिमनारीला लागली. गाड्यांच्या डेकचं दार खाली आलं आणि समोर अर्गिरो, पांढऱ्या पोशाखात, पायात रबरी बूट. तिच्यामागे पाद्रीबाबा, ते मोठ्यानं बिशपशी फोनवर लग्नाची जागा बदलण्याच्या परवानगीवरून हुज्जत घालत होते. त्यांच्यामागे अर्धं गाव आणि भाजलेल्या बकऱ्यांच्या पराती. धक्क्यावरच्या कोळ्यांच्या चॅपेलमध्ये जेमतेम दहा माणसं मावली. बाकीचे जाळ्यांवर उभे राहिले. मी सगळ्यात मागे होतो, कारण माझ्या कपड्यांना वास येत होता.

लग्न लागल्यावर मोस्खूला आजीनं मला हाताला धरून मधोमध ओढलं. "हा तो!" ती ओरडली. "याचं पोट नसतं तर आज आपण सगळे माशांच्या पोटात!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. काय करणार, सवय. लिनार्दोसकाकांकडे पाहिलं तर ते बाजूला एका खोक्यावर बसून लिंबूपाणी पीत होते. मी त्यांच्याजवळ गेलो.

"मीच तुम्हाला पळवलं, काका."

"पळवलंस. आणि मी पळालो. साठीला टेकलोय, तरी वर्गात वही विसरलेल्या पोरासारखा गप्प बसलो." त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला. "पी. तुला लागेल."

सोमवारी संचालकांनी बोलावलं. मला वाटलं, आता घरी पाठवणार. त्यांनी सेवेबरोबर सुरक्षिततेचं कामही माझ्याच गळ्यात मारलं, पगार तोच. त्यांचं म्हणणं, कंपनीत एवढी नाजूक वस्तू दुसरी नाही.

आता मी कुठल्याही चालकाला वेळ सांगत नाही. पहिल्या महिन्यात सगळ्या चालकांना एकत्र बसवून सांगितलं की गाडीत काही खटकलं तर आधी थांबा आणि मग मला शिव्या घाला. दुसऱ्या भागाचं पालन त्यांनी लगेच सुरू केलं. पहिल्या भागाला वेळ लागला. पण परवा एका तरुण चालकानं भर उन्हात चाळीस प्रवाशांसह गाडी उभी केली, कारण स्टिअरिंगमधून बारीक आवाज येत होता. तपासलं तर काहीच निघालं नाही. प्रवासी तासभर तापले आणि तक्रारींचा फोन मी घेतला. एक बाई म्हणाल्या, "तुम्हाला सेवा म्हणजे काय ते कळतं का?"

"थोडंथोडं कळायला लागलंय, बाई," मी म्हणालो.

त्यांनी फोन आपटला. मी त्या चालकाला खाली जाऊन कॉफी पाजली.