ढिली टेप

मित्रांनो, शिलाईच्या दुकानात चिंध्यांच्या टोपलीत पडलेली ही पिवळट पट्टी म्हणजे मी, एक जुनी टेप. मला उचलू नका. माणसांच्या हातांचा मला उबग आला आहे.

कारखान्यातून आले तेव्हा माझे आकडे काळेभोर होते. दुकानाच्या मालकिणीने मला गळ्यात घातलं. सगळे तिला ताई म्हणत. "हिच्यावर माझा डोळे मिटून विश्वास!" असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. डोळे मिटूनच! ओढून ओढून मी ढिली झाले, लांबले, तरी तिला पत्ता नाही. अंगाचं माप माझ्यानेच आणि कापडाचंही माझ्यानेच, मग चूक दिसणार कशी? कपडे नीट बसत आणि ताई फुशारक्या मारी.

मग ताईच्या हाताला छातीत गाठ लागली. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. गाठ साधी निघाली, कर्करोगाची नव्हे. "पण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. वाढली तर काढावी लागेल," असं बाईंनी बजावलं. ताईने त्यातला 'साधी' एवढाच शब्द घरी आणला. नवरा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "साधी आहे ना? मग कशाला खेटे घालतेस?" घरातला मोठा शहाणा!

तपासणीचा दिवस आला तेव्हा ताई पडद्यामागे गेली आणि तिने माझा वेढा स्वतःच्याच छातीला घातला. "घेर आहे तेवढाच आहे," ती आरशाला म्हणाली. "म्हणजे वाढली नाही." गाठ आत, आणि ही मोजते वरून! तेही माझ्यासारख्या टेपने, जी खरं माप कमीच दाखवते! त्यानंतर अधूनमधून हाच पोरखेळ चालला. दवाखान्याचं नाव नाही.

बिंग फुटलं ते नणंदेमुळे. ती दुकानात मदतीला असे. तिने नवी टेप आणली, शाळेतल्या मास्तरीणबाई ड्रेस शिवायला आल्या तेव्हा त्यांचं माप त्या टेपने घेतलं, आणि ताईने कापड बेतलं माझ्याने. ड्रेस पोत्यासारखा झाला. नणंदेने आम्हा दोघींना टेबलावर शेजारी ठेवलं. मी चांगली बोटभर लांब भरले.

"वहिनी, ही टेप खोटी आहे गं!"

ताईने मला हातात उचललं. "मी हिनेच बघत होते, गाठ वाढते का ते."

नणंदेने कपाळावर हात मारला आणि त्याच दुपारी तिला दवाखान्यात ओढत नेलं.

गाठ लिंबाएवढी झाली होती. ऑपरेशन करून ती काढली आणि तपासायला पाठवली. निकाल येईपर्यंत ताईच्या घशाखाली घास उतरेना आणि नवऱ्याला वर्तमानपत्र सुचेना. मला दोघांचीही कीव आली नाही. गाठ साधीच निघाली. ते नशीब होतं, अक्कल नव्हे. टाके काढताना डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तीच तंबी दिली, सहा महिन्यांनी या.

मला मात्र फेकलं नाही. आठवण म्हणून खिळ्याला टांगलं. स्वतःचा मूर्खपणासुद्धा माणसं जपून ठेवतात.

काल पुन्हा तपासणीचा दिवस होता. ताई निघतच होती, तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. पडदा ओढून हळूच म्हणाल्या, "ताई, मलाही इथे काहीतरी कडक लागतंय. तुम्ही माझं माप घेताच ना? घेर वाढला तर सांगा, मग जाईन." आणि ही बाई मुलांना शिकवते!

ताईने मला खिळ्यावरून काढलं. मला वाटलं, आता पुन्हा तेच. पण तिने मोठी कात्री उचलली आणि मास्तरीणबाईंच्या डोळ्यांदेखत माझे दोन तुकडे केले.

"चपला घाला," ती म्हणाली. "मी तिकडेच निघालेय. बरोबर जाऊ."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला ताईचा अभिमान वाटला. तुमच्या घरी आई, मावशी, आत्या कोणी "साधीच आहे, बघू पुढे" म्हणत असेल, तर वाद घालू नका. मोठी माणसं वादात ऐकत नाहीत. तिच्या चपला आणा आणि तिच्यापुढे ठेवा.